दोन कीझाया

किटलीचं बटण खटकन उडालं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. ब्रायनी चहा ओतणार तोच फोन वाजला. चर्चची देखभाल बघणाऱ्या मॉरीनबाई होत्या.

"तुझी कीझाया सापडली बघ. उत्तरेकडच्या भिंतीवरची वेल आज काढली, तर खाली थडग्याचा दगड निघाला. पण पोरी, एकटी ये."

एकटी कुठून येणार? ब्रायनीने लेकीला बूट चढवले आणि निघाली.

कीझाया मडल म्हणजे ब्रायनीच्या पणजीची आई. जन्मली त्याच दिवशी पाद्रीबाबांना घरी बोलावून तिचा बाप्तिस्मा उरकला होता, असं ब्रायनीने चर्चच्या जुन्या नोंदवहीत वाचलं होतं. बाळ चर्चपर्यंत नेईपर्यंत तरी टिकेल याची खात्री नसली, की तेव्हा असंच करत. आणि तीच कीझाया पुढे सात लेकरांची आई झाली, एक्याण्णव वर्षं जगली. ब्रायनीची मुलगी वेळेआधी जन्मून काचेच्या पेटीत पडून होती, तेव्हा ब्रायनीने या एका गोष्टीला धरून दिवस काढले होते. मुलीचं नावही तेच ठेवलं. आता कीझी पाच वर्षांची होती आणि वाटेतलं एकही डबकं सोडत नव्हती.

मॉरीनबाई हातमोजे घालून दगडापाशी उभ्या होत्या. कीझीला बघून त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "आणलीस होय हिला! बरं, बघ आता."

गुडघ्याएवढा दगड. त्यावर कोरलेलं: कीझाया, जॉब आणि ॲन मडल यांची लेक. वय अकरा दिवस.

"ही दुसरी कुणीतरी असेल," ब्रायनी म्हणाली.

"आईबाप तेच, साल तेच. बाप पाथरवट होता, नाहीतर एवढ्याशा जिवाला दगड कोण लावतंय?"

"मग एक्याण्णव वर्षं जगली ती?"

"पाठची. दोन वर्षांनी झाली. धडधाकट होती, तिला बाप्तिस्म्याला रविवारी रीतसर चर्चमध्येच आणली. आजीचं नाव घरात राहायला हवं ना, मग एक गेली की पुढचीला तेच. सगळेच करायचे. पुढची पानं तू उलटलीच नसशील."

नव्हती उलटली. हवं ते मिळाल्यावर पुढे कोण बघतं?

"तोंड नको पाडूस," मॉरीनबाई म्हणाल्या. "सगळेच फसतात. मी तर आमच्या घराण्याची वंशावळ लिहिताना महिन्याभरात गेलेल्या पोराला फौजेत धाडलं होतं. वर पदकही दिलं!"

ब्रायनीला हसू आलं नाही. घरी बाप्तिस्मा झालेलं ते अशक्त बाळ वाचलं नव्हतं. ज्याच्या भरवशावर ती पेटीशेजारी बसून राहिली, ते कधी घडलंच नव्हतं. आणि कीझी मात्र समोर होती, ओल्या मोज्यांनी उकिडवी बसून दगडावरची अक्षरं बोटाने गिरवत.

"आई, हे माझं नाव आहे."

"हो गं."

"हे बाळ मेलं?"

"हो. मग त्याच्या बहिणीला हे नाव दिलं. ती म्हातारी होईपर्यंत जगली."

कीझीने बोट काढलं नाही. जरा विचार करून तिने वर पाहिलं.

"मग मला कुठलीचं दिलंय?"