जुळ्या भावांपुढे ठेवलेला मेंदू

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका, मला कोणाच्या डोक्यातून काढलेलं नाही. मी प्लास्टिकचा आहे. अंबाल्याच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि माझी उमेदीची वर्षं इंदूरच्या एका कॉलेजात गेली. तिथले एक प्राध्यापक मला हातात धरून व्यसनांवर शिकवायचे आणि तास संपला की माझ्यामागे लपवलेली गुटख्याची पुडी काढून तोंडात रिकामी करायचे. माणसांबद्दल माझं मत तेव्हाच बनलं. ते फारसं चांगलं नाही.

पुढे माझा रंग उडाला आणि कॉलेजने मला भंगारात काढलं. तिथून मला शैलजाताईंनी आणलं. त्या मूळच्या नागपूरच्या. इंदुरातल्याच स्नेहलतागंजातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहेत. त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि आपल्या टेबलावर मांडलं. मला वाटलं, आता तरी शहाणी माणसं भेटतील. कसली शहाणी! नातेवाईक यायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तर सुरू होण्याआधीच जोरजोरात मान हलवायचे.

त्यांच्यात सगळ्यांत जास्त किळस मला श्रीरामची आली.

श्रीराम आणि लक्ष्मण हे जुळे भाऊ. एकच नाक, एकच कपाळ, उलटा भांगसुद्धा सारखाच. लक्ष्मण इंदूरहून जवळच्या सांवेर गावाला जाणारी बस चालवायचा. एका सकाळी त्याच्या तोंडाला दारूचा वास आला आणि मालकाने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. बायको गिरिजा मुलीला घेऊन माहेरी जायला निघाली होती. एका कंपनीत मॅनेजर असलेला श्रीराम त्याला दंडाला धरून आमच्याकडे घेऊन आला.

"अकरा मिनिटांनी मोठा आहे मी याच्यापेक्षा," तो खुर्चीत बसताच म्हणाला. "वही माँ, वही बाप. मी कधी एक थेंब घेतला नाही. मग याला काय धाड भरलीय, मॅडम?"

"वडील प्यायचे?" ताईंनी विचारलं.

"परदेशीपुऱ्यात मिलमध्ये होते. पिऊन पिऊनच गेले."

ताईंनी मला उघडलं आणि माझ्या मधल्या भागावर बोट ठेवलं. "मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. छान काही घडलं की ते सुटतं आणि 'पुन्हा कर' असं सांगतं. ते झेलणाऱ्या जागा काही लोकांत कमी असतात, असं संशोधकांना दिसलंय. अशांना रोजचं जगणं फिकं लागू शकतं. मग जोरदार काही मिळालं की ते त्याला चिकटतात. ही ओढ थोडीफार आईवडिलांकडून येते. एका जनुकामुळे नाही, पुष्कळ जनुकांमुळे मिळून. पण तेवढ्यावर सगळं ठरत नाही. घर, संगत, ताण, सगळ्यांचाच त्यात वाटा असतो."

लक्ष्मण पहिल्यांदाच बोलला. "फिकं तर लागतं, मॅडम. लहानपणापासून. मला वाटायचं, सबको ऐसाच लागत असेल."

"वा! मिळाला बहाणा," श्रीराम हसला. "अरे, वो बाप तो मेरा भी था!"

हे बोलताना त्याचा अंगठा मांडीवरच्या फोनवर सतत फिरत होता. मी टेबलावरून सगळं पाहत होतो. तो शेअर बाजारातले झटपट सौदे करत होता. घे, विक, पुन्हा घे. फायदा झाला की डोळे चमकायचे आणि दुसऱ्याच क्षणी तो त्याहून मोठा सौदा टाकायचा. भावाला नालायक म्हणायलासुद्धा तो मान वर करत नव्हता.

दर मंगळवारी दुपारी घरच्यांची बैठक असायची. गिरिजा माहेरी न जाता या बैठकांना येऊ लागली. पाचव्या मंगळवारी ताई म्हणाल्या, "आज अर्धा तास सगळ्यांचे फोन इथे ठेवायचे."

लक्ष्मणने ठेवला. गिरिजाने ठेवला. श्रीराम म्हणाला, "माझं ऑफिसचं अर्जंट असतं." मग सगळे बघतायत म्हटल्यावर त्यानेही फोन माझ्या शेजारी टाकला.

दोन मिनिटांत त्याचा पाय हलू लागला. कपाळावर घाम आला. टेबलावर फोन थरथरला तसे त्याचे हातही थरथरले. सातव्या मिनिटाला त्याने झडप घालून फोन उचलला आणि घाईत त्याचा कोपर मला लागला. मी जमिनीवर पडून दुभंगलो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लक्ष्मण मात्र त्याच्या हातांकडे बघत होता. "श्रीराम," तो हळूच म्हणाला, "सकाळी उठल्यावर माझे हात असेच कापायचे."

"दारुड्या मला शिकवणार?" श्रीराम ओरडला आणि दार आपटून निघून गेला.

गिरिजाने मला उचललं, लक्ष्मणने डिंकाने चिकटवलं. तो पुढचे काही महिने टिकून राहिला. एकदा घसरला, दुसऱ्या दिवशी स्वतःहून आला आणि रडला. नंतर मालकाने त्याला पुन्हा बसवर घेतलं.

पावसाळा संपता संपता लक्ष्मण श्रीरामला घेऊन आला. कामाच्या वेळेत सौदे करतो म्हणून नोकरीवरून काढलेला, दाढी वाढलेली. सौद्यांचा सगळा प्रकार घरी कळला होता आणि बायको त्याच्याशी बोलत नव्हती. मी मनातल्या मनात खूश झालो. म्हटलं, आता लक्ष्मण एकेक शब्द परत करेल. मी तर वाटच पाहत होतो.

लक्ष्मणने भावाला खुर्चीत बसवलं, त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाला, "बैठ, भिया. मला पहिल्या दिवशी दाराबाहेर पळून जावंसं वाटलं होतं. मी इथेच आहे."

श्रीरामने फोन खिशातून काढला आणि भावाच्या हातात दिला. मग ताईंना म्हणाला, "हे सौदे कधीपासून, ते विचारा. मी सांगतो."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कोणी असेल. बापाकडून काय आलं ते त्याला निवडता आलं नव्हतं. पुढचं निवडताना त्याला कोणीतरी शेजारी बसायला लागतं. जमलं तर तुम्ही बसा. नाकं मुरडण्याचं काम माझ्यावर सोडा. त्या कामाला आत काही असावं लागत नाही, ते मलाही छान जमतं, आणि मी तर आतून पोकळ आहे.