नवरा निवांत झाला

नवरा दारू प्यायला लागला तर बायकोला लगेच कळतं. निवांत व्हायला लागला तर काय समजायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर दोर आणि कप्प्या तपासायच्या आणि घरी आल्यावर तीच तपासणी संसाराला लावायची. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का. तिला यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन. ती कपड्यांच्या दुकानात कपडे मापाला बसवून द्यायची. फोन वाजला की तिथल्या पोरी म्हणायच्या, "ताई, धसकेराव आले." हे नाव तिनेच ठेवलेलं. एकदा तर सगळ्यांदेखत ती फोनवर खेकसली, "अहो, जगू द्या की मला जरा."

त्यानंतर हळूहळू फोन थांबले. आधी तिला हायसं वाटलं, मग मनात पाल चुकचुकली. आता तो कडीसुद्धा एकदाच बघायचा. दर मंगळवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून "जरा जाऊन येतो" म्हणायचा आणि कुठे गेला होता ते काही सांगायचा नाही.

"पाणी कुठेतरी मुरतंय," धाकटी बहीण म्हणाली. "ज्याला काळजी करायला दुसरी सापडते ना ताई, तोच घरी असा गप्प बसतो."

झालं. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने त्याचे खिसे पाहिले, शर्टाचा वास घेतला. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. एवढं सफाईने लपवतो म्हणजे काय!

शेवटी तिने परीक्षा घ्यायची ठरवली. दुकान सुटल्यावर घरी न जाता ती बागेतल्या बाकावर फोन मांडीवर घेऊन बसली. दिवे लागले. मुलं खेळून घरी गेली. राखणदार येता-जाता तिच्याकडे बघू लागला. फोन वाजला नाही. पूर्वी एवढ्या वेळात त्याने सगळे दवाखाने पालथे घातले असते. आपण मेलो तरी आता याला पत्ता नाही, असं वाटून तिला रडू आलं.

घरी आली तर तो टेबलाशी बसलेला, समोर दोन रिकामी ताटं. "आलीस?" एवढंच म्हणाला. तिने पाण्यासाठी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात, कोबीच्या मागे, त्याचा फोन होता.

सापडला चोर. तिने तो गारठलेला फोन त्याच्यासमोर आपटला. "हा कोणापासून लपवलात?"

"माझ्यापासून," तो म्हणाला. "हाताशी असला की तुला लावला जातो."

तिला काही कळेना. मग त्याने सांगितलं. मंगळवारी तो मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जात होता. घरी बोलला नाही, कारण धसकेरावाला आणखी एक नाव मिळालं असतं.

"आज तू बसखाली आलीस, जिन्यावरून पडलीस, सगळं माझं मनातल्या मनात बघून झालं. मग म्हटलं, दुकानात काम वाढलं असेल. बाई म्हणतात, पहिला विचार आपणहून येतो, दुसऱ्याला बोलावून आणावं लागतं. आणला बोलावून. पण तो बूड टेकेल तर शपथ."

तिला स्वतःची लाज वाटली. "काम नव्हतं," ती म्हणाली. "मी बागेत बसले होते. तुमचा फोन येतो का बघत."

त्याने दोन्ही ताटं जवळ ओढली. मग उठला. आता हा चप्पल घालून निघून जाणार, असं तिला वाटलं.

"म्हणजे माझा दुसरा विचार चुकला," तो म्हणाला. "पण पहिलाही चुकलाच की." आणि भाजी गरम करायला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात खरंच काम वाढलं. कळवावं म्हणून तिने आपणहून त्याला फोन लावला. बराच वेळ वाजला, त्याने उचलला नाही. पाल चुकचुकलीच. आज तर मंगळवारही नाही, मग हा गेला कुठे? बहिणीला लावायला बोट पुढे झालं, तशी ती थांबली.

कोबीमागे वाजत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते थोडंसं पटलं.