दाजींच्या कमरेचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. रुंद, कातडीच्या रंगाचा, आत स्पंजाची गादी असलेला. लोक मला हर्नियाचा पट्टा म्हणतात. मित्रांनो, आमची जात लपून राहणारी. कपड्यांच्या आतच आमचा जन्म सरतो. म्हणून माझी गोष्ट मलाच सांगावी लागते.

पनवेलच्या बाजारात एका औषधांच्या दुकानात मी खोक्यात पडून होतो. सुकापूरच्या दाजींनी मला विकत घेतलं, तेही इकडेतिकडे बघत, चोरीचा माल घ्यावा तसं. त्यांच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला होता. उभं राहिलं की दिसायचा, आडवं झालं की आत जायचा. दाजींनी तो डॉक्टरांना दाखवला नाही, पत्नीलाही सांगितला नाही. मला घट्ट आवळलं आणि दुखणं मिटलं असं समजून चालले. मीही फुशारलो.

त्यातच त्यांचा भाचा परेश याचं लग्न ठरलं. इकडे हळदीला मामा नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचतो, आणि दाजींचा नाच म्हटलं की माणसं जेवणाचं पान सोडून येतात. हा मान दाजींना काही केल्या सोडायचा नव्हता.

"पट्टा हाय ना," असं म्हणत त्यांनी सरावासाठी अंगणात तांदळाचं पोतं उचललं आणि मटकन खाली बसले. आडवं झाल्यावरही फुगवटा आत जाईना. माझ्याखाली तो दगडासारखा लागत होता. तेव्हा मला कळलं, मी नुसता झाकतो, बरं करत नाही.

दाजींच्या पत्नी भामाबाई धावत आल्या.

"आवं, ह्यो काय बांदलाय? कवापासून?"

"गेल्या गनपतीपासून."

"चपलेचा अंगठा तुटला तरी मना हाक मारता, न् ह्यो मातर लपवला!"

त्यांनी दाजींना तडक रिक्षात घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर विश्वजीत यांनी तपासून सांगितलं, "दाजी, पोटाच्या स्नायूंची भिंत एका जागी विरली आहे. तिथून आतडं बाहेर आलं आणि अडकलं. त्याचा रक्तपुरवठा थांबला तर जिवावर बेतेल. आजच ऑपरेशन करू. आतडं आत घेऊ आणि भोकावर बारीक जाळी बसवू."

"म्हंजे बांधाला भगदाड परलं," खाडीकाठी भात पिकवलेले दाजी म्हणाले, "न् मी वरून फळी टेकून बसलो व्हतो."

"अगदी तसंच."

"मंग बुजवा. पन भाच्याची हळद?"

"हळदीपर्यंत बरे व्हाल, उभं राहून टाळ्या वाजवाल. वजन मात्र उचलायचं नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. हळदीच्या दिवशी मांडवाच्या खांबाशी उभं केलेलं केळीचं झाड कलत होतं. भामाबाईंनी मला आणलं आणि केळीला खांबाशी आवळलं. "आता हिलाच धर!" आयुष्यात प्रथमच मी उघड्यावर आलो.

बँजो सुरू झाला. दाजी कोपऱ्यात हात बांधून उभे होते. हळदीने माखलेला परेश थेट त्यांच्यापुढे आला.

"मामा, चला."

"मना वजन उचलाचा नाय रे."

"तुमाला कोन सांगतो उचलाला?" म्हणत परेशने मामालाच खांद्यावर घेतलं!

"आरं सांबाल, जाळी नवी हाय!" भामाबाई ओरडल्या.

"जाळी पक्की हाय," दाजी वरून म्हणाले, "त्याची कंबर सांबाला!"

सारा मांडव हसत हसत नाचला.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा दिसला तर लाजू नका. घरात सांगा, डॉक्टरांना दाखवा. तो दुखू लागला, आत जाईना झाला, तर क्षणभरही थांबू नका. आणि मला खुशाल केळीला बांधा. तिथून नाच फार छान दिसतो.