फायलीवरचा पिवळा ठिपका

आमच्या रक्ततपासणीच्या खोलीत एक जुनी पद्धत होती. ऑपरेशनआधी पेशंटच्या रक्तात काविळीचा विषाणू सापडला, की त्याच्या फायलीवर पिवळा ठिपका चिकटवायचा. तो दिसला की ऑपरेशन थिएटरवाले दुहेरी हातमोजे घालत आणि त्या पेशंटला यादीत शेवटी ढकलत. बावीस वर्षं मी ठिपके लावत आले, आणि आपलं काम किती चोख म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत आले.

त्या मंगळवारी एक निवृत्त बसड्रायव्हर हर्नियासाठी दाखल झाले. मी सुई टोचली तरी काकांच्या गप्पा चालूच. "डाव्या बाजूचं चार वर्षांपूर्वी इथंच केलं. सकाळपासून उपाशी ठेवलं आणि सगळ्यात शेवटी घेतलं. मी हिला म्हटलं, माझी केस खास दिसतेय, निवांत करणार."

शेजारी उभ्या काकूंनी नाक मुरडलं. "खास कसले. हल्ली बसल्या जागी गळून जातात. विचारलं तर म्हणे वय झालं."

'सगळ्यात शेवटी' हे शब्द मला खटकले. जुनी फाईल मागवली. वर पिवळा ठिपका, आत हेपटायटिस सी, म्हणजे काविळीचाच एक विषाणू, असल्याचा रिपोर्ट आणि खाली माझीच सही.

मी तडक सर्जनकडे गेले. "सर, यांना तेव्हा सांगितलं होतं का?"

"ते तुम्ही लोक सांगता ना?"

"मला वाटलं, तुम्ही सांगता."

चार वर्षं आम्ही आमचे हात सांभाळले आणि त्या माणसाचं यकृत वाऱ्यावर सोडलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सांगायला दोघंही गेलो, माफीही मागितली. काकांनी एवढंच विचारलं, "हिला तर नाही ना झालं?"

काकूंचं रक्त मी तेव्हाच तपासलं. त्यांना काही नव्हतं. काकांच्या यकृताला इजा झाली होती, पण वेळ हातची गेली नव्हती. हर्निया उरकला आणि बारा आठवडे गोळ्या चालल्या.

दरम्यान मी जुन्या वह्या उपसल्या. ठिपका लावलेले पण न कळवलेले एकेचाळीस जण निघाले. मी एकेकाला फोन केला, सव्वीस जण आले. बाकीचे घाबरून फोन ठेवत.

गोळ्या संपून तीन महिने झाल्यावर काकांचं रक्त पुन्हा तपासलं. 'विषाणू आढळला नाही.' काकांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. माझे डोळे भरून आले. फोन ठेवणाऱ्यांबद्दल मी बोलून गेले, तेव्हा त्यांनी माझ्यापुढचा कागद ओढून त्यावर आपला नंबर लिहिला.

"त्यांना म्हणावं, एक ड्रायव्हर यातून बरा झालाय. घरीच असतो, गप्पा मारायला त्याला फार आवडतं."

दोनदा फोन ठेवलेल्या एका बाईंना मी दुसऱ्या दिवशी तसंच सांगितलं. या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही.

"द्या त्यांचा नंबर," त्या म्हणाल्या.