आबांच्या कपाळावरचं नाक

आबांचं सलून होतं आणि स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, आबा सव्याज परत करायचे. नाकाच्या शेंड्यावर वाईट गाठ निघाली, ती काढताना शेंडाही गेला, तरी त्यांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. फक्त एका ठिकाणी बोलती बंद व्हायची. रोज पोटावर बसून त्यांचं नाक ओढणारी चार वर्षांची नात आता नाकावरची पट्टी दिसली की आईच्या मागे लपत होती.

नवा शेंडा करायला डॉक्टरीणबाईंनी टाक्यांच्या दोऱ्याचं चंदेरी पाकीट कापून खड्ड्याच्या मापाचा तुकडा केला आणि तो उलटा धरून कपाळावर आखला. तेवढी कातडी उचलायची, भुवईपाशी जोडलेला एक पट्टा, म्हणजे देठ, राखायचा आणि खाली नाकावर वळवायची. देठातून रक्त मिळतं, कातडी रुजली की देठ कापायचा. कपाळ मात्र उंच हवं, नाहीतर नाकावर केस उगवतात.

आबांनी टक्कल थोपटलं. "बाई, माझं कपाळ मानेपर्यंत आहे. हवं तेवढं घ्या."

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा आबांनी आरशात नाक दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. कल्ल्याची रेघ सरळ यायला त्यांची अर्धी हयात गेली होती, आणि या बाईंनी कातडीवर नाकपुडीची गोलाई काढली होती. पण मधोमध तो जाड देठ. सोंडच जणू. पोरगी आता कायमची दूर जाणार, असं त्यांना वाटलं.

बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून नव्या शेंड्याला कापूस लावला. कुठे लागलं? आबांनी कपाळ दाखवलं. बाई हसल्या. कातडी नाकावर आली, पण मेंदूला अजून पत्ता कळलेला नाही, देठ कापला की ही गंमत संपेल, म्हणाल्या.

आबांचे डोळे चमकले.

घरी सून नातीला आत नेऊ लागली, तर आबा खुर्चीत डोळे मिटून बसले. "माझं नाक हरवलंय. हात धुऊन ये आणि अगदी हळू बोट लाव. मी ओळखतो कुठे लावलंस ते."

मग नळ वाजला. मग एक ओलं, गार बोट.

"कपाळ," आबा म्हणाले.

"चूक. नाक."

"लबाड, कपाळच."

"नाक," ती खिदळली आणि पुन्हा बोट लावायला त्यांच्या पोटावर चढली.

देठ कापायच्या दिवशी आबा टेबलावर आडवे पडले आणि बाईंना हळूच म्हणाले, "आठवडाभर थांबलं तर नाही का चालणार? पोरगी अजून जिंकतेय."