साधं आहे

पातं अडखळलं तेव्हाच बाईंनी ओळखलं, हा ठोकळा सरळ कापू देणार नाही.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात बसवलेलं मांस कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. आजचा तुकडा त्यांच्याच पोटातला होता. ऑपरेशनला बारा दिवस झाले तरी तो पडून होता, कारण कापणाऱ्या बाई, म्हणजे त्या स्वतःच, रजेवर होत्या!

"तुमचं तुम्ही नका हो कापू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग कोण कापणार? तुम्ही?"

कापलेला पापुद्रा काचेवर घेऊन रंगवून झाला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "हे बघा. गर्भाशयाच्या आतलं अस्तर पार आतड्यापाशी जाऊन रुजलंय. दर महिन्याला तिथंच रक्त, तिथंच सूज. भोवती सगळा घट्ट वण झालाय. आणि ही नस, त्यात आवळलेली."

बाई बघतच राहिल्या. पोट दुखतंय म्हटलं की एकोणीस वर्षं नवरा आणि सासू म्हणत आले, हिची रोजची नाटकं. ते नाटक इथं गुलाबी रंगात ढळढळीत दिसत होतं. त्यांना आनंद झाला, खरंच झाला.

"निघालं ना सगळं?"

"नाही. आतड्याला चिकटलेलं तसंच आहे. ओढलं असतं तर आतडं फाटलं असतं. गोळ्या चालू ठेवा. दुखणं मात्र राहणार."

एवढ्यात रिपोर्टच्या खिडकीशी नवरा आला. त्या खिडकीशी येणाऱ्यांना कॅन्सर आहे का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. नसला की बाई ठरलेले दोन शब्द सांगून पुढच्याला बोलावत.

"काय निघालं गं?"

अस्तर, वण, नस, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. तोंडातून सवय बाहेर पडली.

"साधं आहे."

नवऱ्यानं खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकलं आणि तो हमसून रडला. बारा दिवस हा माणूस मनात काय घेऊन फिरत होता, ते बाईंना आत्ता कळलं. मग त्यानं फोन लावला. "आई, काही नाही निघालं. अगं हो, काहीच नाही!"

"अहो, तसं नाही, ऐका तरी..."

"आता काही बोलू नकोस. साधंच आहे ना? मग दुखायचंही थांबेल आता. थांबेल ना?"

एकोणीस वर्षांत तो त्यांच्यासाठी पहिल्यांदाच रडला होता. त्याच वेळी ओटीपोटात कळ उठली, म्हणून बाईंचं 'हो' जरा लांबलं. त्याला ते मनापासूनचं वाटलं.