पागुमेची चार तारीख

झेवदितू गावच्या कचेरीत जन्मनोंदणी करायची, आणि गेली सात वर्षं ती लेकरांच्या तारखा खोट्या लिहीत होती. लबाडी म्हणून नव्हे. आमचं इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं. शेवटचा पागुमे जेमतेम पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा. सरकारनं परदेशातून विकत आणलेल्या सॉफ्टवेअरला मात्र बाराच महिने ठाऊक. कंपनीला पत्रं गेली, उत्तरं गोड आली, पण तेरावा महिना काही आला नाही. मग पागुमेत जन्मलेलं पोर झेवदितू मुकाट्यानं नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मेस्करेम एकला चढवायची.

त्यातलीच एक मेक्लित, बाजारात मसाला विकणाऱ्या येशीची लेक. जन्मली पागुमेच्या चारला. नवं वर्ष लागण्याआधी सात पूर्ण असतील तरच पहिलीत घ्यायचं, असा शाळेचा नियम. आणि कागदावर पोरगी एका दिवसानं कमी पडत होती. प्रवेश बंद व्हायला आठवडा उरला होता.

"एत्ये, मी बाळंत झाले तो दिवस होता की नव्हता?" येशीनं विचारलं. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे एत्ये म्हणतात.

झेवदितूला स्वतःची लाज वाटली.

सरकारनं ते सॉफ्टवेअर टाकून नुकतंच नवं घेतलं होतं. कुणीही उघडून बघावं, हवं तसं बदलावं, मालकी कुणा एकाची नाही. "फुकटचं ते कितीसं टिकणार," म्हणून मोठ्या साहेबांनी नाक मुरडलं. त्यातही महिने बाराच होते. पण पडद्यावर खाली, अडचण आली तर म्हणून अदिस अबाबाचा एक नंबर होता. झेवदितूनं फोन लावला. ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या रेदिएत नावाच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि परवा बघा म्हणाली. असले 'परवा' झेवदितूनं पुष्कळ पाहिले होते.

पण परवा पडद्यावर पागुमे खरंच आला. झेवदितूनं गंमत म्हणून सतरा तारीख टाकून पाहिली, तर तीही चालली. तिनं पुन्हा फोन लावला.

"पोरी, अगं तीस दिवसांचा केलास की. पगार बाराच महिन्यांचा, आहेत त्या पाच दिवसांचाही मिळत नाही, आणि तू आणखी पंचवीस दिवस फुकट राबवतेस?"

रेदिएत खळखळून हसली. आधीच्या महिन्याची नक्कल करताना दिवस तसेच राहिले होते. तासाभरात ते पाच झाले, चौथ्या वर्षी सहा.

येशीला बोलावणं गेलं. दुरुस्तीआधी पडद्यावर कारण विचारलं होतं: पालकांची चूक, कारकुनाची चूक, यंत्राची चूक. साहेब मागे उभे राहून म्हणाले, यंत्राची लिहा, कुणाच्या अंगाशी येणार नाही. झेवदितूनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. साहेब तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेले.

"मशीनचीच होती की, एत्ये," येशी हळूच म्हणाली. "स्वतःवर कशाला घेता?"

"मशीनला पागुमे ठाऊक नव्हता, बाई. मला होता." झेवदितूनं दाखल्यावर शिक्का मारला आणि तो येशीच्या हातात दिला. "आता पळ, शाळा बंद होईल."